उन्हाळ कांद्यावर संप्रेरकांची फवारणी: प्रकल्प नोंदी, रब्बी २०२३-२४

३० ऑक्टोबर २०२३

आमच्या शेतकरी गटाची बैठक झाली. विषय बियाण्याचा होता, पण बोलणं टॉनिकवर गेलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारातल्या जवळपास प्रत्येक कांद्यावर कुठलं ना कुठलं 'पीजीआर' (वाढ कमी-जास्त करणारं संप्रेरक) पडलं होतं. पण कशाने काय झालं, हे छातीठोक सांगणारं कुणी नाही. कारण सगळ्यांनी सगळ्या रानावर मारलं. कोरा वाफा कुणीच ठेवला नाही, मग तुलना कशाशी करणार?

ठरलं असं: नानांच्या विहिरीजवळच्या तुकड्यात छोटे वाफे पाडायचे, प्रत्येक औषध वेगळं मारायचं आणि काही वाफ्यांवर नुसतं पाणी. नोंदी मी ठेवायच्या. नाना म्हणाले, "पाणी फुकट असतं, ते वाफे जास्त ठेव." चेष्टा होती, पण चुकीचं काही नव्हतं त्यात.

निफाड तालुका म्हणजे द्राक्षाचं घर. जीए (जिबरेलिक अॅसिड हे संप्रेरक) हा शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतो. घडाला जीए दिला की मणी लांबतो, फुगतो. मग कांदा का नाही फुगणार, या हिशेबानेच तो बागेतून वाफ्यात आला. या हिशेबात काहीतरी खोट आहे असं मला पदवीच्या वर्गात असल्यापासून वाटत आलंय. बघू.

८ नोव्हेंबर

दिवाळीआधी उळे (रोपांसाठी दाट पेरलेलं बी) टाकून घेतलं. वाण एन-२-४-१, घरचंच बी. बियाला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळलं. गादीवाफे, वर रेनपाईप.

१५ नोव्हेंबर

दुकानात जाऊन बाटल्या वाचत बसले. दुकानदाराला आधी वाटलं मी तपासणीला आलेय.

टॉनिक म्हणून जे विकलं जातं त्यात तीन जाती दिसतात. पहिली खरी संप्रेरकं किंवा त्यांच्यासारखं काम करणारी रसायनं: जिबरेलिक अॅसिड, एनएए, होमोब्रासिनोलाइड, आणि वाढ रोखणारी क्लोरमेक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल. ही १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. दुसरी समुद्री शेवाळ, ह्युमिक, अमिनो वगैरे. ही २०२१पासून खत नियंत्रण आदेशात 'जैव उत्तेजके' म्हणून आली. तिसरी जात म्हणजे चकचकीत डबा, वर कांद्याचा टपोरा फोटो आणि आत काय आहे त्याचा पत्ताच नाही. तिसरीला प्रयोगात जागा नाही. तिच्यात पहिल्या जातीतलं काही मिसळलेलं असलं तरी आपल्याला कळायला मार्ग नाही.

हातात घेतलेल्या क्लोरमेक्वाटच्या बाटलीवर द्राक्ष होतं, कापूस होता, कांदा नव्हता. पॅक्लोब्युट्राझोलवर आंबा. तरी दोन्ही कांद्यावर सर्रास पडतात. लेबलवर पीक नसणं ही नुसती कागदी बाब नाही. त्या पिकासाठी मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं, अवशेष किती राहतात, यातलं काहीच कुणी तपासून दिलेलं नसतं. प्रयोगाच्या वाफ्यांतला माल त्यामुळे बाजारात जाणार नाही, हे आजच वहीत लिहून नानांची सही घेतली.

आणखी एक गंमत. दुकानात जीएची दोन रूपं मिळतात. एक ९० टक्क्यांची पूड, एक ग्रॅमची पुडी. दुसरं ०.००१ टक्क्याचं द्रावण. हिशेब केला तर ही दुसरी बाटली मुळातच १० पीपीएमची (लिटरला १० मिलिग्रॅम) आहे. ती लिटरला दोन मिली टाकली की पंपात राहतो ०.०२ पीपीएम. पुडीवाला २० पीपीएम मारतो. म्हणजे पारावर बसून दोघंही "मी जीए मारला" म्हणतात आणि दोघांच्या मात्रेत हजारपटीचा फरक असतो. गेल्या वर्षीच्या अर्ध्या वादांचं मूळ इथेच असणार.

२७ नोव्हेंबर

काल दुपारनंतर गारपीट. द्राक्षबागांची अवस्था लिहवत नाही. शेजारच्या बागेत घड आणि पानं यांचा जमिनीवर चिखल झालाय. आमचं उळे एकोणीस दिवसांचं, पात सुतासारखी, त्यामुळे बरीचशी वाकली पण मधला कोंब शाबूत. वाफ्यात साचलेलं पाणी चर काढून बाहेर सोडलं, वाफसा आल्यावर बुरशीनाशक.

दोन जणांनी फोनवर सुचवलं की रोप सावरायला जीए मार. नाही मारला. गारांनी फाटलेल्या पातीला ताणून लांब करण्यात काय मतलब? शिवाय रोपावरच संप्रेरक पडलं तर पुढचा सगळा प्रयोग वाया.

८ डिसेंबर

आज सकाळी निर्यातबंदीची बातमी, मुदत ३१ मार्चपर्यंत. लासलगावला लिलाव बंद पडले. नाना ट्रॅक्टर भरून निघालेले, अर्ध्या वाटेतून परत आले. लाल कांदा अंगणात.

यावर इथे जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच की भाव असा पडतो तेव्हा एकरी दोन-तीन फवारण्यांचा खर्च वाचतो की नाही, हा प्रश्न उगाच अभ्यासाचा राहत नाही.

४ जानेवारी २०२४

लागण झाली. रोप आठ आठवड्यांचं, गारपिटीने थोडं मागे पडलेलं. पेन्सिलीपेक्षा जाड झालेली रोपं मुद्दाम बाजूला काढली. जाड रोप थंडीत सापडलं की त्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, आणि निफाडच्या थंडीबद्दल कुणी सांगायला नको.

मांडणी: १.२ मीटर रुंद, ३ मीटर लांब असे पंधरा वाफे. अंतर १५ बाय १० सेंटिमीटर, म्हणजे वाफ्यात २४० रोपं. कडेच्या ओळी हिशेबात धरायच्या नाहीत. पाच प्रकार, प्रत्येकाचे तीन वाफे:

नुसतं पाणी आणि स्टिकर (फवारा पातीवर पसरवून चिकटवणारं द्रव्य);
जीए २० पीपीएम, तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी;
ट्रायकंटॅनॉल (वाढीसाठी विकलं जाणारं टॉनिक) ०.५ पीपीएम, त्याच दोन दिवशी;
क्लोरमेक्वाट ५०० पीपीएम, साठाव्या दिवशी एकदा;
आधी दोनदा जीए, मग क्लोरमेक्वाट. आमच्याकडे सगळ्यात चालतं ते हेच शेवटचं.

विहिरीकडची जमीन भारी, बांधाकडे मुरमाड होत जाते. म्हणून तीन पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात पाचही प्रकार. कुठला वाफा कुणाला, हे भाचीने डब्यातल्या चिठ्ठ्या उचलून ठरवलं. वाफ्यांवर फक्त नंबर, यादी माझ्या कपाटात. नानांनासुद्धा दाखवलेली नाही. बघणाऱ्याला आधीच माहीत असलं की डोळे त्याला हवं तेच बघतात.

लागणीला आलेल्या मुकादम मावशी म्हणाल्या, "ताई, एवढुशा वाफ्यांना एवढ्या खुंट्या? कांदे लावतीयास का मांडव घालतीयास?"

७ जानेवारी

आंबवणी (लागणीनंतरचं पाणी) दिली. तुटाळ (मेलेल्या रोपांच्या जागा) भरली.

२ फेब्रुवारी

उद्याच्या फवारणीची तयारी. जीएची पूड पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. द्राक्षवाल्यांना हे पाठ असतं. कांदेवाले थेट टाकीत पुडी रिकामी करतात आणि गुठळ्या गाळणीत अडकतात. एक ग्रॅम पूड ९० टक्क्यांची, म्हणजे खरा माल ९०० मिलिग्रॅम. विरघळवून पाणी घालत ९०० मिलीपर्यंत नेलं की एका मिलीत बरोबर एक मिलिग्रॅम. मग लिटरला २० मिली म्हणजे २० पीपीएम. डोकं लावायचं काम संपलं.

ट्रायकंटॅनॉल ०.०५ टक्क्याचं आहे. लिटरला एक मिली घेतलं की ०.५ पीपीएम. औषधाच्या दुकानातून सुया काढून सिरिंजा आणल्या. 'एक टोपण' हे माप या प्रयोगात नाही.

आमच्या विहिरीचं पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात जीए टिकत नाही, म्हणून सायट्रिक अॅसिडने सामू खाली आणला. तेच पाणी बाकीच्या प्रकारांना आणि कोऱ्या वाफ्यांनाही, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की फरक लिंबूसत्वानेच पडला.

पंप नवा, एक लिटरचा हातपंप. नानांचा जुना पंप गव्हात २,४-डी या तणनाशकाला वापरलेला. २,४-डी हेसुद्धा संप्रेरकाच्याच जातीचं, ऑक्झिनसारखं. नळीत राहिलेला अंश द्राक्षाच्या पानांची वाट लावतो हे इथे प्रत्येकाने एकदा तरी पाहिलंय.

३ फेब्रुवारी

सकाळी पहिली फवारणी. वारा नव्हता, तरी दोन वाफ्यांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा धरला. एक बाजू भाची, एक बाजू वहिनी.

आधी मुद्दाम स्टिकर न घालता कडेच्या ओळीवर पाणी मारून पाहिलं. कांद्याची पात मेणाची. थेंब पातीवर बसतच नाही, मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो तो थेट मानेशी बेचक्यात, किंवा मातीत. स्टिकर घातल्यावर तोच थेंब पसरला आणि पात ओली झाल्यासारखी काळसर दिसली. कांद्यात औषध लागू पडलं नाही अशी जी ओरड असते, तिच्यातली निम्मी इथेच मिटावी. औषध पातीवर थांबलंच नव्हतं.

११ फेब्रुवारी

आठ दिवसांत फरक डोळ्यांना दिसतोय. काही वाफ्यांची पात उंच, सरळ, जरा फिकट. यादी न बघताही जीएचे वाफे मी ओळखू शकते, ही अडचणच आहे. मोजमाप म्हणून आता वहिनी करतात. त्यांना फक्त नंबर माहीत.

गटातले सात-आठ जण बघून गेले. सगळ्यांची बोटं उंच वाफ्यांकडेच. "हाच माल," असं एकाने जाहीर करून टाकलं. पात मोजा म्हटलं. मोजली. उंच वाफ्यात पातींची संख्या कोऱ्या वाफ्याइतकीच! लांबी वाढली, पाती वाढल्या नाहीत.

हे महत्त्वाचं आहे. कांद्याचा आडवा छेद घेतला की दिसतात ती कडी म्हणजे पातींचे बुडखे. पोसायला लागण्याआधी जितक्या पाती, तितकी फुगायला कडी. पात वीतभर लांब झाली म्हणून कडं वाढत नाही.

एका वाफ्यात दोन रोपांची पात पिळवटलेली. लगेच चर्चा, "पीळ रोग आला." तो पावसाळी कांद्याचा रोग, फेब्रुवारीत कसा येईल? उपटून पाहिली तर मुळाशी खोडकिडी नाही, बुरशी नाही. जीएचाच वाफा होता. त्यावरून आठवलं: जिबरेलिन (जीए त्यातलाच) सापडलं तेच मुळी रोगातून. भाताची रोपं एका बुरशीमुळे वेडीवाकडी उंच वाढत आणि पिवळी पडत. १९२६मध्ये कुरोसावा यांनी तैवानात दाखवलं की बुरशीने सोडलेल्या द्रवानेच हे होतं. १९३५मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला नाव दिलं. जी उंची बघून आज सगळे खूश होते, ती भातात रोगाची खूण होती.

१८ फेब्रुवारी

दुसरी फवारणी. नत्राचा शेवटचा हप्ताही आजच, सगळ्या वाफ्यांना सारखा. यानंतर युरिया नाही. साठ दिवसांनंतर नत्र दिलं की माना जाड होतात आणि कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टिकत नाही, ही शिफारस जुनी आहे, आणि दरवर्षी मोडली जाते.

ट्रायकंटॅनॉलच्या वाफ्यांत आणि कोऱ्यात मला काहीही फरक दिसत नाही. वहिनींच्या मोजमापातही नाही. हे तीस कार्बनचं अल्कोहोल, वनस्पतींच्या मेणातच असतं. १९७७मध्ये अमेरिकेत लसूणघासाच्या चुऱ्यावर काम करताना त्याचा वाढीवरचा परिणाम सापडला. नंतर ते बाजारात आलं. उतावीळ होऊन निकाल लावत नाही, काढणीपर्यंत थांबायचं.

४ मार्च

साठावा दिवस. क्लोरमेक्वाट लिटरला एक मिली. बाटली ५० टक्क्यांची, म्हणजे ५०० पीपीएम. शेजारी लिटरला दोन मिली घेतात आणि पंपात ०:५२:३४ हे विद्राव्य खत, करप्याचं औषध, फुलकिड्यांचं औषध, सगळं एकत्र. पंप म्हणजे आमटीचं पातेलं झालंय. आमच्या वाफ्यांवर क्लोरमेक्वाट एकटंच.

फवारणीआधी कॅलिपरने मान आणि गाठ मोजली. गाठीचा व्यास मानेच्या दुप्पट झाला की कांदा पोसायला लागला असं धरतात. कोऱ्या वाफ्यांत बहुतेक रोपं या रेषेवर आली आहेत. जीएच्या वाफ्यांत अजून नाहीत. तिथे मान जाड आणि गाठ मानेतूनच उतरत आलेली, खांदा नाहीच. बोटांत धरलं की कॅलिपरशिवायही कळतं: कोऱ्या रोपाला मानेखाली बोट अडतं, जीएच्या रोपावरून घसरत खाली जातं.

१२ मार्च

फुलकिडे वाढले. बेचक्यात नखाने पात फाकवली की पिवळट पिल्लं पळतात. सगळ्या वाफ्यांना एकच कीटकनाशक, एकाच दिवशी. जांभळ्या करप्याचे ठिपके थोडे, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं. कुठल्या प्रकारात कीड कमी-जास्त होती असं म्हणण्यासारखं काही नाही. "टॉनिकने पीक सशक्त होतं, मग रोग येत नाही" हे वाक्य ऐकायला बरं. आमच्या वाफ्यांत त्याला पुरावा सापडला नाही.

१९ मार्च

आता चित्र उलटलंय. क्लोरमेक्वाटच्या वाफ्यांची पात आखूड, ताठ आणि गर्द. पाहुणे आले की आता त्या वाफ्यांपुढे थांबतात: "ह्याला काळोखी बघा!" फेब्रुवारीत उंचीवर खूश झालेला माणूस मार्चमध्ये आखूडपणावर खूश. दोन्ही वेळा तो पातच बघतोय. जमिनीत काय चाललंय ते कुणी उकरून पाहत नाही, कारण दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालायचा नसतो. मी म्हटलं, घाला.

आज गटाला थोडं सविस्तर सांगितलं, इथेही लिहून ठेवते. द्राक्षाचा मणी आणि कांदा, दोन्ही फुगतात म्हणून एकच औषध चालेल हा हिशेब इथे बिघडतो. मणी हे फळ. कांदा म्हणजे पातीच्या बुडख्यांची आडवी वाढ. दिवस मोठा होत गेला आणि उष्णता वाढली की पानाला तो इशारा कळतो. २०१३मध्ये कांद्यातली ती जनुकंही ओळखली गेली, एक पोसायला लावणारं आणि एक अडवून धरणारं. इशारा मिळाला की बुडख्यातल्या पेशी लांब वाढायचं सोडून रुंद होतात. जिबरेलिन नेमकं याच्या विरुद्ध ओढतं. पेशीच्या भिंतीलगत सूक्ष्म नळ्यांचे आडवे वेढे असतात, त्यांच्यामुळे पेशी जाड न होता लांब होते. जिबरेलिन हे वेढे टिकवून धरतं, असं जपानी संशोधकांनी कांद्याच्याच पेशींवर दाखवलेलं आहे. पोसायचं तर ते वेढे सुटावे लागतात.

म्हणजे आमच्याकडचं चालू पॅकेज काय करतं? आधी जीएने वेढे घट्ट करायचे, मग जिबरेलिन तयार होणंच रोखणारं क्लोरमेक्वाट मारून ते सोडवायचे. दोन्ही बाटल्यांचे पैसे आपलेच.

एकाने विचारलं, "पण ताई, जीएने उत्पादन वाढल्याचे प्रयोगपण आहेत ना?" आहेत. मात्रा वेगळी, वेळ वेगळी, वाण वेगळा, काही ठिकाणी रोपं बुडवून लावलेली. लवकर दिलेल्या जीएने पात लवकर वाढून पुढे फायदा झाला, हे अशक्य नाही. मी एवढंच म्हणते की आमच्या इथे, ज्या वेळेला आम्ही मारतो त्या वेळेला, तो कांद्याला उशीर लावतोय.

२३ मार्च

बंदी पुढे वाढवली, आता मुदतही नाही. बैठकीला तिघंच आले.

१० एप्रिल

पाणी तोडलं. कोऱ्या, ट्रायकंटॅनॉलच्या आणि क्लोरमेक्वाटच्या वाफ्यांत माना पडायला लागल्यात, पात वाळत नाहीये पण मानेतून मोडून आडवी होतेय. जीएचे वाफे उभे. लांबून बघणाऱ्याला तेच सगळ्यात हिरवे, तजेलदार वाटतील. आधी जीए आणि मग क्लोरमेक्वाट दिलेले मध्येच कुठेतरी.

डेंगळे सगळीकडे तुरळक आले. जीएच्या वाफ्यांत संख्या फार वेगळी नाही, पण दांडे लांबसडक.

माना पडण्याचं मोल तरुण पोरांना पटवायला लागतं. मान पडते म्हणजे आतून ती पोकळ, मऊ झालेली असते, नवी पात येणं थांबलेलं असतं. अशी मान वाळून घट्ट मिटते. उभ्या जाड मानेचा कांदा कापला की तोंड उघडं राहतं, आणि चाळीत सडीला तीच वाट.

२४ एप्रिल

काढणी. सगळे वाफे एकाच दिवशी उपटले, जीएच्या वाफ्यांसाठी थांबले नाही. यावर वाद झाला. आठ-दहा दिवस थांबलो असतो तर जीएचा कांदा आणखी पोसला असता, असं नानांचं म्हणणं, आणि ते बरोबरही असेल. पण पुढच्या आठवड्यात वळीव आला तर? उन्हाळ कांद्यात लवकर तयार होणं हाच अर्धा फायदा आहे. हा वाद वहीत नोंदवून ठेवलाय.

उपटणाऱ्या बायांना यादी माहीत नव्हती. मुकादम मावशींनी तीन वाफे दाखवून सांगितलं, "ह्यांची पात लई, पण हाताला कांदा लागत न्हाई." तिन्ही नंबर जीएचे निघाले.

पातीने कांदा झाकत ओळीत पसरलाय. वाळेपर्यंत रानातच.

६ मे

पात कापली, मान बोटाच्या पेराएवढी ठेवून. प्रतवारी आणि वजन. परवा ४ तारखेला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. असो.

वजनाचं मांडते. सर्वांत आधी कोरे तीन वाफे एकमेकांशी लावून पाहिले. विहिरीकडचा आणि बांधाकडचा कोरा वाफा यांच्यातला फरक, कोरं आणि ट्रायकंटॅनॉल यांच्यातल्या सरासरी फरकापेक्षा मोठा निघाला. म्हणजे ट्रायकंटॅनॉलने काही दिलं असेल तर ते जमिनीच्या उतार-चढावात बुडून गेलं. ज्याने कोरा वाफा ठेवला नाही आणि विहिरीकडच्या पट्ट्यात टॉनिक मारलं, तो शपथेवर सांगेल की टॉनिक चाललं. आणि तो खोटं बोलत नसेल.

क्लोरमेक्वाटचा कांदा आकाराने जास्त सारखा, गोल्टी (बारीक कांदा) कमी. एकूण वजनात कोऱ्यापेक्षा थोडं वर, पण तिन्ही पट्ट्यांत नाही, दोनच. तिसऱ्यात कोरा वरचढ. जीए सगळ्या पट्ट्यांत खाली: पातीसकट तोलला तेव्हा पहिला होता, पात कापल्यावर शेवटचा. जोडकांद्यात फरक सांगण्यासारखा नाही. जीए आणि क्लोरमेक्वाट एकत्र दिलेले कोऱ्याच्या आसपास, म्हणजे दोन बाटल्या ओतून आम्ही पाण्यापाशी परत आलो.

प्रत्येक वाफ्यातून निवडक कांदे जाळीच्या पिशवीत तोलून, नंबर लावून, चाळीच्या एकाच कप्प्यात टांगलेत. बाकीचा माल खड्ड्यात. नानांनी सही केली होती तरी खड्डा भरताना तोंड फिरवलं.

१८ जून

पाऊस सुरू झाला, हवेत ओल. पिशव्या उतरवून तोलल्या. जीएच्या तिन्ही पिशव्यांत मानेशी सड, दाबलं की पाणी येतं. काजळी (काळी बुरशी) सगळीकडे थोडी. क्लोरमेक्वाट आणि कोरं सारखंच.

कोंबाचा विषय निघाला. बाहेरच्या देशांत काढणीआधी मॅलेइक हायड्रॅझाइड मारून कोंब रोखतात. तेही वाढ रोखणारंच रसायन, माना पडू लागल्यावर हिरव्या पातीतून कांद्यात उतरतं. आपल्याकडे ते बंदी घातलेल्या यादीत आहे, म्हणून प्रयोगात घेतलं नाही. कुणी 'कोंब बंद' म्हणून बिनलेबलची बाटली देऊ लागला तर आत काय असेल याचा अंदाज बांधावा. कोंबावर आपल्या जवळचा कायदेशीर उपाय म्हणजे लासलगावचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' विकिरण केंद्र, २००२पासून उभं आहे. पण विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. जाड मानेला तिथे इलाज नाही.

१४ जुलै

पुन्हा तोल. जीएच्या एका पिशवीत विकण्यासारखं फार काही उरलं नाही. तिला टांगलेल्या जागेखालचे चाळीतले चार कांदेही तिच्या पाण्याने गेले, त्यावरून नानांची बोलणी खाल्ली.

२१ जुलै

गटापुढे वही ठेवली, सोबत यादीही उघडली. ज्यांनी फेब्रुवारीत बोट दाखवलं होतं त्यांची नावं वाचून दाखवली नाहीत, पण त्यांना आठवत होतं.

ठरलं ते असं. चाळीत घालायच्या कांद्यावर लागणीनंतर जीए नाही. ट्रायकंटॅनॉल ज्याला मारायचंय त्याने मारावं, पण एक वाफा कोरा ठेवून मारावं आणि तोल गटाला द्यावा. क्लोरमेक्वाटवर एकमत झालं नाही. दोघांना एकसारखा कांदा आवडला. माझं म्हणणं, एका हंगामात तीनपैकी दोन पट्ट्यांत थोडंसं वर, एवढ्यासाठी लेबलवर नसलेलं औषध खाण्याच्या पिकावर नको. ते म्हणाले, सगळेच मारतात. तो मुद्दा तसाच राहिला.

स्टिकर मात्र सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, घाऊक. आणि येत्या रब्बीत प्रयोग टॉनिकचा नाही, नत्राच्या शेवटच्या हप्त्याच्या तारखेचा: तीस, पंचेचाळीस, साठ. वाफे तेच, चिठ्ठ्या नव्या.

निघताना दुकानदाराचा मुलगा, तो गटात आहे, म्हणाला, "ताई, तुमच्या वहीने आमचा धंदा बसणार." द्राक्षाच्या जीएची यंदाची मागणी त्याने तिथेच बसून लिहून घेतली, सगळ्यांची मिळून गेल्या वर्षीएवढीच निघाली.